गोदामातली धुरी आणि धान्यातली बुरशी : एक आढावा

साठवलेल्या धान्याला कीड लागली की गोळ्या ठेवून धुरी द्यायची, हे गावच्या सोसायटीपासून मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बुरशी लागली तर काय करायचे, याचे उत्तर इतके सरळ नाही. सोंडे आणि टोके मारणारा वायू बुरशीलाही मारत असेल, असा समज व्यापारात बराच रुळलेला आहे. उलट धुरीचा आणि बुरशीचा काही संबंधच नाही, असेही काही जाणकार ठासून सांगतात. दोन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच हा वाद रेंगाळला आहे.

तो नीट समजून घ्यायचा तर एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावे लागतात. धुरीने बुरशी मरते का? मरत नसली तरी तिची वाढ थांबते का? आणि बुरशीने धान्यात सोडलेले विष धुरीने नाहीसे होते का? या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. मतभेदांचा बराचसा भाग ती एकमेकांत मिसळल्यामुळे झालेला आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

बुरशी लागलेले धान्य खाऊ नये, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. पण बुरशी निपटून काढली, धान्य धुतले, वाळवले तरी त्यात विष उरते, हे विज्ञानाला कळले ते १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोगाचे कारण सापडेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असे नाव पडले. तपासाअंती बोट आले ते पक्ष्यांना घातलेल्या ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीवर. त्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती आणि तिने तयार केलेले विषही होते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पुढे नैसर्गिकरीत्या आढळणारी अफ्लाटॉक्सिने ही माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेली. यकृत हे त्यांचे मुख्य लक्ष्य.

भारतात या विषाची ओळख फार वाईट रीतीने झाली. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासीबहुल भागांत काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला आणि मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून लोकांनी तोच बुरसलेला मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. २००४ साली केनियात हीच गोष्ट पुन्हा घडली. मका तोच, कारण तेच, ३१७ रुग्ण आणि १२५ मृत्यू.

आपल्या दख्खनच्या पठाराचीही अशी एक नोंद आहे. १९९५ साली कर्नाटक आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील काही गावांत पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे दोषी ठरले ते फ्युझेरियम बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष. महाराष्ट्रात खरिपाची संकरित ज्वारी कणसात असताना पाऊस लांबला की दाणा काळा पडतो, हे प्रत्येक ज्वारी उत्पादकाने पाहिले आहे. त्या काळ्या दाण्यामागेही मुख्यतः फ्युझेरियम आणि कर्व्ह्युलारिया याच बुरश्या असतात.

या घटनांनंतर कायद्याने मर्यादा आखल्या. भारतात एकेकाळी सर्व खाद्यपदार्थांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन चालत असे. आता तृणधान्यांसाठी ही मर्यादा १५ आहे. अमेरिकेत ती २० आहे, तर युरोपीय संघात थेट खाण्याच्या तृणधान्यांसाठी अवघी ४. मर्यादा आल्या तसा व्यापाऱ्यांचा, गोदामवाल्यांचा आणि निर्यातदारांचा प्रश्नही टोकदार झाला : हातात धुरीचे तंत्र आहेच, तर ते बुरशीविरुद्ध वापरता येईल का?

बुरशीला काय लागते

उत्तराकडे जाण्याआधी बुरशीची गरज काय ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले क्लाइड क्रिस्टेन्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात धान्यावरच्या बुरश्यांचे दोन गट पाडले. शेतातल्या बुरश्यांना भरपूर ओल लागते. दाणा कणसात असतानाच त्या शिरतात आणि धान्य वाळले की थंडावतात. साठवणीतल्या बुरश्यांमध्ये अस्परजिलस आणि पेनिसिलियम ही कुळे येतात, आणि त्या बऱ्याच कमी ओलीतही वाढतात. ही विभागणी आजही सोयीची आहे. एक दुरुस्ती मात्र पुढच्या संशोधनाने केली. अस्परजिलस फ्लेव्हस शेतातही शिरते. विशेषतः भुईमूग आणि मका यांना दाणे भरण्याच्या काळात पाण्याचा ताण पडला की तिला आयती वाट मिळते. म्हणजे काही माल गोदामात येतानाच विष घेऊन येतो.

साठवणीत सगळा खेळ ओलीचा असतो. दाण्यांच्या मधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आत राहिली तर बुरश्या जवळजवळ गप्प असतात. गव्हात ही स्थिती साधारण साडेतेरा ते चौदा टक्के ओलीला येते. शेंगदाण्यात मात्र सात-आठ टक्क्यांनाच, कारण त्यातले तेल पाणी धरत नाही. अस्परजिलस फ्लेव्हसला वाढायला सुमारे ८० टक्के आर्द्रता लागते आणि विष करायला त्याहून थोडी जास्त. तापमान २५ ते ३५ अंश असले की तिचे चांगलेच फावते. आपल्याकडच्या पावसाळ्यातले गोदाम म्हणजे नेमके हेच.

एकदा बुरशी वाढू लागली की ती स्वतःच पाणी तयार करते. श्वसनात एक किलो ग्लुकोज पूर्ण जळली तर सुमारे ६०० ग्रॅम पाणी सुटते, शिवाय उष्णताही निघते. किडीचेही तसेच. सोंडे आणि पोरकिडे एखाद्या कोपऱ्यात माजले की तिथले धान्य गरम होते. तिथली वाफ थंड भागाकडे जाऊन दाण्यांवर पाणी धरते आणि मग बुरशी बसते. हमाल पोत्याच्या थप्पीत हात घालून 'इथं गरम लागतंय' म्हणतो, ती जागा बहुधा हीच असते. किडी भोके पाडून बुरशीला आत शिरायची वाटही करून देतात आणि अंगावरून बीजाणूही वाहून नेतात. कीड आणि बुरशी यांचे हे नाते पुढच्या वादात महत्त्वाचे ठरते.

धुरीची रीत

धान्याला धुरी देण्याची औषधे गेल्या शतकात बरीच बदलली. एथिलिन डायब्रोमाइड एकेकाळी आपल्याकडे घरगुती साठ्यासाठी काचेच्या लहान कुप्यांतून मिळत असे. कर्करोगाच्या शंकेमुळे ते मागे पडले. मिथाइल ब्रोमाइड जलद आणि खात्रीचे, पण ओझोनच्या थराला घातक. माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर संपवायचा होता. आता ते क्वारंटाइन आणि जहाजावर माल चढवण्याआधीची धुरी अशा मोजक्या कामांपुरते उरले आहे. सल्फ्युरिल फ्लोराइड काही देशांत वापरतात, पण किडींपुरतेच. उरला तो फॉस्फिन. जगातल्या साठवलेल्या धान्याचा भार आज मुख्यतः त्याच्यावर आहे.

आपल्या गोदामांतली फॉस्फिनची रीत ठरलेली आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावते आणि १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. थप्पीवर वायू न गळणारे आवरण टाकतात, त्याच्या कडा जमिनीवर पसरवून त्यांवर वाळू भरलेल्या लांब नळ्या ठेवतात, आणि टनामागे तीन या हिशेबाने गोळ्या आत सरकवतात. नळ्यांमध्ये बोटभर फट राहिली तरी वायू निसटतो. म्हणून सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद कडेकडेने फिरवून पाहतात. गळती असली तर तो काळा पडतो. मग दारावर धोक्याची पाटी लावून आवरण पाच-सात दिवस तसेच राहू देतात. कारण किडीच्या अंडी आणि कोष या अवस्था चिवट असतात. त्यांच्यासाठी वायूच्या तीव्रतेपेक्षाही मुदत महत्त्वाची. उघडल्यावर गोळ्यांची राखाडी भुकटी गोळा करून पुरायची आणि हवा पुरेशी खेळल्यावरच आत जायचे. कामाच्या जागी आठ तासांसाठी फॉस्फिनची मानली गेलेली मर्यादा दशलक्षांत ०.३ भाग इतकी तुटपुंजी आहे. लसणासारख्या वासावर भरवसा ठेवता येत नाही.

या साऱ्या पद्धतीचा आराखडा किडीसाठी आखलेला आहे. त्यातला कोणताही आकडा बुरशीसाठी ठरवलेला नाही. पुढच्या वादाचे मूळ इथे आहे.

पहिली भूमिका : कीड हटवा, बुरशी आपोआप कमी होईल

गोदाम व्यवस्थापनातील बहुतेक तज्ज्ञ या बाजूचे आहेत. त्यांच्या मते धुरी बुरशीला थेट मारत नसली तरी तिची वाट बंद करते. कीड वेळेत मारली तर धान्य गरम होत नाही, ओल एका जागी गोळा होत नाही, दाणे फुटत नाहीत, आणि कोरडे धान्य कोरडेच राहते. धुरी, मॅलेथिऑन किंवा डेल्टामेथ्रिनची प्रतिबंधक फवारणी, फळ्यांवर थप्पी आणि भिंतीपासून अंतर, ही अन्न महामंडळाची व वखार महामंडळांची पद्धत या विचारावर उभी आहे.

या भूमिकेची ताकद तिच्या साधेपणात आहे. मर्यादा अशी की ती फक्त कोरड्या येणाऱ्या मालाला लागू पडते. खरेदीच्या वेळीच मका सोळा-सतरा टक्के ओलीचा असला तर त्यातली कीड मारून फारसे साधत नाही. बुरशीला किडीच्या मदतीची गरज उरलेली नसते. उलट अशा ओल्या मालावर आठवडाभर हवाबंद आवरण राहिले आणि रात्री बाहेर गारवा पडला, तर आवरणाच्या आतल्या बाजूला पाणी धरते आणि वरच्या थरातली पोती ओलावतात.

दुसरी भूमिका : वायू थेट बुरशीवर वापरता येईल

वायूनेच बुरशी मारण्याचे प्रयत्नही जुने आहेत आणि त्यांत भारताचा वाटा आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत १९६०च्या दशकात रघुनाथन, मुथू आणि मजुमदार यांनी ज्वारीच्या दाण्याच्या आत दडलेल्या बुरशीवर धुरीचे प्रयोग केले. अडचण नेमकी तिथेच होती. दाण्याच्या पृष्ठभागावरची बुरशी वायूच्या हाती लागते, सालीखालची सहजी लागत नाही.

मिथाइल ब्रोमाइड बुरशी मारू शकते, पण किडीसाठी लागणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट घालावे लागते. एवढ्या मात्रेत बियाण्याची उगवण जाते, विशेषतः माल ओला असेल तर. धान्यात राहणारा अंशही वाढतो. एथिलिन ऑक्साइड हे खरोखरचे निर्जंतुक करणारे रसायन आहे. मसाल्यांवर आणि तिळावर ते वापरले गेले. पण ते स्वतःच कर्करोगकारक आहे आणि युरोपीय संघात खाद्यपदार्थांसाठी त्याला मनाई आहे. २०२० साली भारतातून गेलेल्या तिळात त्याचे अंश बेल्जियममध्ये सापडले आणि युरोपभर माल परत घेण्याची साखळी सुरू झाली. बुरशी मारायला पुरेसे तिखट असलेले वायू माणसालाही झेपत नाहीत, ही या शाखेची कायमची अडचण त्या प्रकरणाने पुन्हा दाखवली.

फॉस्फिनची गोष्ट वेगळी आणि अधिक विचार करण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात हॉकिंग आणि बँक्स यांनी १९९०च्या सुमारास ओल्या गव्हावर आणि भातावर त्याचे प्रयोग केले. वायू असेपर्यंत बुरशीची वाढ मंदावते, पण बुरशी बहुतांशी जिवंत राहते. वायू गेला की ती पुन्हा डोके वर काढते. म्हणजे पहिल्या प्रश्नाला 'नाही' आणि दुसऱ्याला 'काही काळापुरते हो'. यातून एक मर्यादित पण उपयोगी सूचना पुढे आली. पावसाळी काढणीत ड्रायरपुढे मालाची रांग लागते तेव्हा आपली पाळी येईपर्यंतचे काही दिवस ओले धान्य फॉस्फिनखाली सांभाळता येईल. या सूचनेचे समर्थक वायूला वाळवणीचा पर्याय मानत नाहीत, वाळवणीपर्यंतची सोय मानतात.

ओझोनची भर अलीकडची. अमेरिकेत २००१ साली खाद्यपदार्थांवर जंतुनाशक म्हणून त्याला परवानगी मिळाली. पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रयोगात मक्यावर तीन दिवस दशलक्षांत ५० भाग ओझोन खेळवला तेव्हा बहुतेक कीड मेली आणि दाण्यांच्या पृष्ठभागावरची अस्परजिलस पॅरासायटिकस ६३ टक्क्यांनी घटली. ओझोन जागेवरच तयार करता येतो आणि त्याचा शेवट ऑक्सिजनमध्ये होतो, त्यामुळे अंशाचा प्रश्न राहत नाही. पण तो प्रथम सालीशीच झुंजून संपतो. खोल थरापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. यंत्रणा महाग आहे, रबर आणि धातू झिजतात, आणि उरलेल्या ३७ टक्क्यांचा प्रश्न राहतोच. ओल कायम असेल तर तेवढे बीजाणू नवी वाढ करायला भरपूर आहेत.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांवरचे संशोधन याच भूमिकेचे सौम्य रूप म्हणता येईल. बनारस हिंदू विद्यापीठातील एन. के. दुबे यांच्या गटाने अनेक तेलांचा अस्परजिलस फ्लेव्हसवर आणि तिच्या विषनिर्मितीवर होणारा परिणाम तपासला आहे. प्रयोगशाळेतले निष्कर्ष आशादायक आहेत. पण हजारो टनांच्या साठ्यासाठी लागणारी मात्रा, खर्च आणि धान्याला लागणारा वास या तीन अडचणी त्यांच्या वाटेत उभ्या आहेत.

तिसरी भूमिका : विषच निकामी करा

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. भाकरी भाजून किंवा भात शिजवून ते जात नाही. धुरीच्या नेहमीच्या औषधांनी तयार झालेले विष काढून टाकता येत नाही, यावर आता कोणाचे दुमत नाही. अपवाद म्हणता येईल असा वायू एकच, अमोनिया. तो अफ्लाटॉक्सिनच्या रेणूतले लॅक्टोन वलय उघडतो आणि विषाचा जोर मोडतो. दाब आणि उष्णता दिली तर तासाभरात, साध्या तापमानाला दोन-तीन आठवड्यांत. फ्रान्स आणि सेनेगल यांनी शेंगदाणा पेंडीसाठी, तर अमेरिकेत ॲरिझोनासारख्या राज्यांनी सरकीसाठी ही पद्धत वापरली. अशी पेंड खाणाऱ्या गाईंच्या दुधात उतरणारे विष चांगलेच घटले.

पण हे सगळे पशुखाद्यापुरते. अमोनियाने धान्याचा रंग तपकिरी होतो, वास बदलतो आणि पोषणमूल्यही घसरते. शिवाय अमोनियाचा उपाय हाताशी आहे म्हणून खराब माल मुद्दाम चांगल्यात मिसळला जाईल, अशी भीती नियामकांना वाटते. माणसाच्या खाण्याच्या धान्यासाठी हा मार्ग कुणी सुचवत नाही.

दुधाचा मुद्दा आपल्यासाठी दूरचा नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणातल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर सापडले. हे विष दुधात येते ते चाऱ्यातून आणि पेंडीतून.

चौथी भूमिका : हवाच काढून घ्या

काही जाणकार बाहेरून वायू सोडण्याऐवजी साठ्यातला ऑक्सिजन संपवावा, असे म्हणतात. आपल्याकडे ही कल्पना पेवाच्या रूपाने जुनीच आहे. सोलापूर, विजापूर आणि मराठवाड्याच्या काही भागांत मुरमाड, पाणी न मुरणाऱ्या जागी खोल पेव खणत, आतून कडबा किंवा भुसा लावत, ज्वारी भरत आणि अरुंद तोंड मातीने लिंपून टाकत. आत दाण्यांच्या आणि किडीच्या श्वसनाने ऑक्सिजन घटे, कार्बन डायऑक्साइड वाढे, आणि कीड मरे. पेव उघडल्यावर हवा खेळेपर्यंत आणि दिवा सोडून पाहिल्याशिवाय कुणी आत उतरत नसे. न पाहता उतरणाऱ्यांचे जीव गेल्याच्या कथा त्या भागात घरोघर ऐकायला मिळतात.

पण पेवाची दुसरी बाजूही त्या भागातल्या लोकांना ठाऊक आहे. भिंतीलगतचा आणि तोंडाजवळचा थर ओल ओढून खराब होई आणि पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येई. हवाबंद साठ्याच्या आधुनिक पिशव्यांचीही मर्यादा हीच आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी विकसित केलेली तीन थरांची पिशवी आज आफ्रिकेत आणि आशियात पोचली आहे. त्यातली कीड हमखास मरते आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली गेला तर बुरशीही थंडावते. पण पिशवी ओल काढून घेत नाही. ओले धान्य भरले तर ऑक्सिजन संपेपर्यंत बुरशीला वाव मिळतो आणि पुढे आंबणे सुरू होते. धुरीच्या तुलनेत तिचा मोठा फायदा म्हणजे विषारी रसायनाची गरज उरत नाही. मोठ्या गोदामांत मात्र ती परवडेल असे चित्र अजून नाही.

सावधगिरीचे मुद्दे

या सर्व भूमिकांकडे सावधपणे पाहणारा एक वर्ग आहे. त्याचे आक्षेप चार आहेत.

पहिला सुरक्षिततेचा. फॉस्फिनच्या गोळ्यांनी अपघात आणि आत्महत्या अशा दोन्ही मार्गांनी देशात खूप बळी गेले आहेत. म्हणूनच त्यांची विक्री आणि वापर सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरी देणारे यांच्यापुरता मर्यादित आहे. बुरशीसाठी जास्त मात्रा आणि जास्त दिवस अशी शिफारस झाली तर ही जोखीम वाढेल.

दुसरा प्रतिकारशक्तीचा. १९७०च्या दशकात अन्न व कृषी संघटनेने केलेल्या जागतिक पाहणीतच फॉस्फिनला दाद न देणाऱ्या किडी आढळल्या होत्या. आज भारतातही पोरकिडे आणि लाल पिठकिडा यांच्यात तो प्रतिकार दिसतो. कमी मात्रेची, ढिसाळ आवरणाखालची धुरी वारंवार देणे हे त्याचे मुख्य कारण. बुरशीसाठी मंद मात्रेत दीर्घकाळ फॉस्फिन ठेवल्याने किडींचा हा प्रतिकार आणखी वाढेल, अशी शंका घेतली जाते.

तिसरा आक्षेप अर्धवट उपायाचा. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात ओले पशुखाद्य धान्य फॉर्मिक आम्ल लावून साठवले जाई. त्यात अफ्लाटॉक्सिन वाढल्याचे आढळले. बाकीच्या बुरश्या दबल्या आणि आम्ल सोसणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हसला मोकळे रान मिळाले. बुरशीला मारणारा नव्हे तर नुसता त्रास देणारा कोणताही उपाय विष वाढवू शकतो, हा धडा वायूंनाही लागू होईल का, हे पाहणे आवश्यक ठरते.

चौथा आक्षेप खोट्या निश्चिंतीचा. धुरी दिलेल्या धान्यावर बुरशी दिसत नाही म्हणून त्यात विष नाही, असे म्हणता येत नाही. उलट एकाच पोत्यात मोजके दाणे प्रचंड विषारी आणि बाकीचे स्वच्छ असू शकतात. त्यामुळे एका मुठीची तपासणी फसवी ठरते. मक्यावर निळसर अतिनील दिव्याखाली दिसणारी हिरवट-पिवळी चमकही अफ्लाटॉक्सिनची नसते, बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची असते. ती फक्त संशयाची खूण आहे.

काय अजून सुटलेले नाही

फॉस्फिनखाली बुरशीची वाढ थांबते तेव्हा विषनिर्मितीही त्याच प्रमाणात थांबते का, की काही परिस्थितीत ती टिकून राहते, यावर धान्यागणिक आणि ओलीगणिक वेगवेगळी उत्तरे आली आहेत. ओल्या मालासाठी फॉस्फिनची तात्पुरती सोय भारतीय पावसाळ्याच्या उकाड्यात, गावपातळीवरच्या गोदामात किती दिवस टिकेल, याचा पुरेसा अनुभव नाही. ओझोनचा खर्च मका किंवा तुरीसारख्या मालाला कधी परवडेल, हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे तितकाच भावाचा आहे.

शेतातल्या उपायांचा गोदामाशी मेळ कसा घालायचा, हेही ठरलेले नाही. विष न करणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हसच्या वाणांनी विषारी वाणांना शेतातच हुसकावण्याचे तंत्र अमेरिकेत रुळले. आफ्रिकेत ते 'अफ्लासेफ' या नावाने पसरत आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिन ओळखण्याचे स्वस्त तपासणी संच विकसित केले आहेत. हे उपाय गोदामाबाहेरचे असले तरी त्यांच्या यशावर गोदामातल्या धुरीची गरज ठरणार आहे.

सहकारी संस्थांच्या पातळीवर धान्य साठवण्याची केंद्राची योजना हाही या प्रश्नाचा नवा संदर्भ आहे. २०२४ साली सुरू झालेल्या तिच्या प्रायोगिक टप्प्यात अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईच्या सोसायटीचाही समावेश होता. गावोगावी गोदामे उभी राहिली तर धुरी देण्याचे काम कोण करणार आणि ओल कोण मोजणार, हे दोन्ही प्रश्न तिथल्या सचिवासमोर एकाच वेळी येतील.

आज कुठे आहोत

सारांशाने सांगायचे तर तीन प्रश्नांची उत्तरे अशी. कीडनाशक मात्रेतल्या धुरीने बुरशी मरत नाही. फॉस्फिनने ओल्या धान्यात तिची वाढ काही दिवस लांबवता येते, पण वाळवणी टाळता येत नाही. आणि एकदा तयार झालेले विष धान्यातून काढण्याचे काम कोणतीही नेहमीची धुरी करत नाही. अमोनिया ते करतो, पण फक्त पशुखाद्यासाठी आणि कडक देखरेखीखाली. धुरी कीड आवरते आणि कीड आवरली की कोरडे धान्य कोरडे राहायला मदत होते, एवढेच तिचे बुरशीविरुद्धचे निर्विवाद योगदान आहे.

म्हणून माल गोदामात घेताना गोळ्यांच्या डब्याआधी ओलावा मोजण्याचे यंत्र बाहेर काढले पाहिजे. तृणधान्य बारा-तेरा टक्क्यांवर आणि शेंगदाणा सात-आठ टक्क्यांवर आल्याशिवाय थप्पी लावू नये. आणि कुबट वासाचे, रंग बदललेले धान्य किंवा पेंड माणसाने खाऊ नये हे तर झालेच, पण 'गुरांना चालेल' म्हणून गोठ्यातही नेऊ नये. तिथून ते दुधाच्या वाटेने पुन्हा आपल्याच ताटात येते.